वसाहतकाळातल्या अमेरिकन बाईचं माहेर शोधायचं असेल तर

१६९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटूक खटल्यांत रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस या तिघींवर आरोप ठेवले गेले. रिबेकाला १९ जुलैला फाशी झाली, मेरीला २२ सप्टेंबरला, सारा वाचली. आरोपींची यादी नुसती चाळली तर या तिघींचं नातं लक्षात येत नाही, कारण आडनावं तीन आहेत. प्रत्यक्षात त्या सख्ख्या बहिणी, टॉप्सफील्डच्या विल्यम टाऊन आणि जोआना ब्लेसिंग यांच्या मुली. साराचं तर क्लॉइसशी झालेलं लग्न दुसरं. पहिला नवरा ब्रिजेस, म्हणून त्या लग्नातली तिची मुलंही ब्रिजेस. त्यात कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहिणार: नर्सचं कुठे नोर्स होतं, ईस्टीचं कुठे एस्टी. खटला गाजला, अभ्यासकांनी कागद न् कागद पालथा घातला, म्हणून या बहिणींचं माहेर आज माहीत आहे. त्याच गावातल्या, कधीच कुठल्या खटल्यात न अडकलेल्या बाईबद्दल मात्र बहुतेकदा एवढंच उरलेलं असतं: मेरी, अमक्याची बायको.

ती मेरी कुणाची मुलगी, हे शोधता येतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त जणींच्या बाबतीत. त्यासाठी तेव्हाचा कायदा आधी समजून घ्यावा लागतो. इंग्रजी वसाहतींत लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, तिच्या जमिनीचा ताबा आणि उत्पन्न नवऱ्याकडे जाई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे, नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. पण त्याच कायद्याने तिला डॉवर दिला होता, म्हणजे नवऱ्याच्या स्थावरातल्या एक-तृतीयांश हिश्श्याचा हयातभर उपभोग. शिवाय बाप मृत्युपत्र न करता वारला तर मुलीचाही वाटा निघे. त्यामुळे एरवी कागदावर कुठेच न दिसणारी ही बाई चार ठिकाणी हमखास वर येते: बापाची वाटणी, नवऱ्याचं खरेदीखत, नवऱ्याचा मृत्यू आणि तिचं स्वतःचं वैधव्य. मालमत्ता हलली की तिचं नाव लिहिणं भाग पडायचं. शोध घ्यायचा तो या क्षणांचा. तिचं नाव शोधपट्टीत टाकून काही मिळालं तर तो नशिबाचा भाग.

सुरुवात तिच्या आयुष्याच्या शेवटच्या टोकापासून करा. तिचा मृत्यू किंवा शेवटचा उल्लेख, मग नवऱ्याचं मृत्युपत्र किंवा वाटप, मग मुलांचे जन्म, मग लग्न, असं मागे मागे जा. एका तक्त्यात प्रत्येक कागदाची नोंद ठेवा: मूळ कागदावर जशी आहे तशी तारीख, ठिकाण, कागदाचा प्रकार, तिचं नाव जसं लिहिलंय तसं, कागदातली बाकी सगळी नावं, खंड आणि पान. बाकीच्या नावांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. साक्षीदार, जामीन, शेजारचे जमीनमालक, मालमत्तेची मोजदाद करणारे ही माणसं उगाच कुठून आलेली नसतात. त्यांतले बरेच सोयरे असतात. नवऱ्याच्या कागदांत वीस वर्षांत चार वेळा एकाच आडनावाचे लोक दिसले, तर माहेरचं आडनाव म्हणून पहिला संशय तिथेच घ्यायचा.

तारखांवर थोडं थांबायला हवं, कारण इथे भल्याभल्यांच्या वंशावळी चुकतात. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहती जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत आणि कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा एका जोडप्याचं लग्न एप्रिल १६८० मध्ये झालं आणि पहिल्या मुलाचा जन्म १ मार्च १६८० असा नोंदलाय. आजच्या डोळ्यांना मूल लग्नाच्या आधीचं वाटेल. तसं नाही, तो १ मार्च लग्नानंतर जवळजवळ अकरा महिन्यांनी आला, आपल्या हिशेबाने १६८१ मध्ये. काळजी घेणारे कारकून अशा तारखा १६८०/८१ अशा दुहेरी लिहीत, सगळे नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या नोंदीप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३१/३२, आजच्या प्रमाणे २२ फेब्रुवारी १७३२. सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली, म्हणून हा अकरा दिवसांचा फरक. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांची नावंच वापरत नसत, आकडे लिहीत. १७५२ आधीचा त्यांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च. तक्त्यात मूळ तारीखच लिहा, बदललेली शेजारच्या रकान्यात. एकदा रूपांतर करून मूळ टाकून दिली की पुढचा माणूस पुन्हा रूपांतर करतो आणि तारीख आणखी सरकते.

थडग्यांवरच्या वयाचंही असंच. 'वयाच्या ६३ व्या वर्षी' याचा अर्थ ६२ पूर्ण. कोर्टातल्या जबान्यांत 'वय सुमारे ४०' असतं, ते अंदाजे धरा. दहाच्या पटीतल्या वयांत दोन-तीन वर्षांची चूक सहज निघते.

मुलांच्या जन्मतारखा नीट मांडल्या तर त्याही बोलतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या मुलांत साधारण दोन ते अडीच वर्षांचं अंतर पडतं. मध्येच चार-पाच वर्षांचा खड्डा दिसला तर एखादं मूल दगावलं असेल, नोंद हरवली असेल, किंवा पहिली बायको वारून दुसरी आली असेल. ही तिसरी शक्यता फार लोक विसरतात, विशेषतः दोन्ही बायकांचं नाव मेरी असेल तेव्हा. शेवटच्या मुलाच्या वेळी आईचं वय पंचेचाळीसच्या फार पुढे नसणार, यावरून तिच्या जन्माची सगळ्यात आधीची शक्य तारीख निघते. १६४० साली जन्मलेली मेरी १६९२ मध्ये बाळंत झालेली दाखवणारी वंशावळ तिथल्या तिथे बाद करा.

आता मृत्युपत्रं. मुलगी शोधायची तर बापाचं मृत्युपत्र, पण ते कसं वाचायचं हे कळलं पाहिजे. जमीन बहुधा मुलांना, मुलींना जंगम: गुरं, बिछाना, भांडी, रोख. 'माझी मुलगी मेरी स्मिथ हिला पाच शिलिंग' असं दिसलं की लोक बापलेकीत वैर होतं असं धरून चालतात. बहुतेकदा कारण साधं असतं: तिचा वाटा लग्नाच्या वेळीच दिलेला, पाच शिलिंग हे केवळ वारस म्हणून तिला विसरलो नाही हे दाखवण्यापुरते. मुलीचं नुसतं पहिलं नाव असेल तर ती अविवाहित होती असं समजू नका. काही बाप लग्न झालेल्या मुलींनाही नुसतं 'मेरी' लिहीत. आणि यादीत नाव नाही म्हणजे मुलगीच नव्हती, असंही नाही.

नात्यांचे शब्दही तेव्हा आजच्यासारखे वापरले जात नसत. 'डॉटर-इन-लॉ' ही सून असेल, नाहीतर सावत्र मुलगी. 'मदर-इन-लॉ' सावत्र आई असू शकते. 'कझिन' म्हणजे अनेकदा पुतण्या किंवा भाची. 'ब्रदर' सख्खा भाऊ, मेहुणा, साडू किंवा एकाच चर्चचा सभासद. 'माझी आत्ताची बायको' या शब्दांवरून आधी दुसरी बायको होती असं सिद्ध होत नाही. तो वकिली सावधपणा असतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' बापलेक असतीलच असं नाही, गावातले एकाच नावाचे दोन पुरुष वयाप्रमाणे तसे ओळखले जात. 'मिसेस' ही वरच्या घरातली अविवाहित मुलगीसुद्धा असू शकते. 'अनाथ' मुलाची आई जिवंत असू शकते. बाप गेला की मूल अनाथ. या एकेका शब्दाने पिढ्याच्या पिढ्या चुकीच्या घरात जाऊन बसल्या आहेत.

विधवेचं स्वतःचं मृत्युपत्र हातात आलं तर त्याच्यासारखा कागद नाही. विधवा पुन्हा कायद्याने स्वतंत्र होते, आणि पुरुष जिथे जमिनीच्या हद्दी मोजतो तिथे ती माणसं मोजते. १६२० साली इंग्लंडहून निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावरून लहानपणी आलेली मेरी चिल्टन, जॉन विन्स्लोची विधवा, हिने ३१ जुलै १६७६ रोजी बॉस्टनमध्ये मृत्युपत्र केलं. त्यात मुलगी सारा मिडलकॉट हिला उत्तम झगा आणि परकर आहे, नातू विल्यम पेन याला चांदीचा मोठा टँकर्ड (झाकणाचा प्याला), मुलगी सुझाना लेथम हिला लांब टेबल, सहा स्टुलं आणि मोठं कपाट, नात सुझाना लेथमला रेशमी लेस लावलेला परकर, नात अॅन ग्रे हिला कापडाची पेटी, बिछाना आणि दहा पौंड. आता हे सावकाश वाचा. विल्यम पेन नातू आहे, पण पेन आडनावाची मुलगी मृत्युपत्रात नाही. तो साराचा, तिच्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा. साराची लग्नं तीन झाली, स्टँडिश, पेन आणि शेवटी मिडलकॉट. अॅन ग्रे नात आहे, आणि ग्रे नावाची मुलगीही यादीत नाही. ती मुलगी, आईच्याच नावाची मेरी, आधीच वारली होती. सुझाना लेथम दोन आहेत, आई आणि लेक. घाईत वाचणारा त्यांची एकच करून टाकतो. दोन मुलींची, एका दुसऱ्या लग्नाची आणि एका मृत्यूची खबर, आणि कागदाचा विषय काय तर झगे, टेबलं आणि चांदी.

मृत्युपत्र नसेल तर हळहळू नका. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाचे कागद वंशावळीसाठी बरेचदा जास्त उपयोगी पडतात, कारण तिथे मर्जीचा प्रश्न नसतो, कायदा प्रत्येक वारसाचं नाव घ्यायला लावतो. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दोन वाटे, बाकी मुलामुलींना प्रत्येकी एक. मुलीचा वाटा तिचा नवरा 'बायकोच्या हक्काने' घेतो आणि पावतीवर सही करतो. म्हणजे मुलीचं नाव आणि जावयाचं नाव एकाच ओळीत. व्हर्जिनियात मात्र मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि तो नियम १७८५ च्या कायद्याने गेला, त्यामुळे त्याआधी तिथे मुली जमिनीच्या वाटणीत बहुधा दिसत नाहीत. त्यांना जंगम मालमत्तेच्या हिशेबात शोधायचं.

प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसांच्या वाटण्या यांच्या कोर्टातल्या, नोंदवहीवर कधीच थांबू नका. वही म्हणजे कारकुनाने केलेली नक्कल, आणि नक्कल करताना त्याने बरंच गाळलेलं असतं. सुटे कागद वेगळ्या पाकिटात असतात: जामीनपत्र, मालमत्तेची यादी, मयताची मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या कारभाऱ्याचे हिशेब, पावत्या, मुलांच्या पालकत्वाचे अर्ज. चौदा वर्षांवरचं मूल स्वतःचा पालक निवडू शके, आणि निवडलेला माणूस फार वेळा मामा निघतो. कारभाऱ्याच्या हिशेबात 'मयताची विधवा, जी आता अमक्याची बायको आहे' हे वाक्य सापडतं. तिचं दुसरं लग्न दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नसतं. सुट्या कागदांवर खऱ्या सह्या असतात हेही महत्त्वाचं. पुष्कळ बायकांना वाचायला शिकवलेलं असे, लिहायला नाही, म्हणून त्या खूण करीत. एकच बाई बरीच वर्षं तीच खूण करत असेल तर त्या खुणेवरून एका गावातल्या दोन मेरी वेगळ्या काढता येतात. वहीतल्या नकलेवर हे शक्य नाही, तिथे सगळ्या खुणा कारकुनाच्या.

विधवेचा तिसरा हिस्सा मोजून देताना पंच प्रत्यक्ष घरात जाऊन वाटणी करीत. असा एखादा कागद वाचून बघाच: पूर्वेकडची खोली, तिच्यावरचा माळा, तळघराचा अर्धा भाग, विहिरीपर्यंत जायची वाट, भट्टीत पाव भाजायची मुभा, बागेतली अमुक झाडं. त्या घरात ती कुणाबरोबर राहिली असेल, सून कोण, मुलगा कोण, हे त्यावरून दिसतं. पण वंशावळीच्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. हा हिस्सा तिच्या हयातीपुरताच. ती वारली की तो नवऱ्याच्या वारसांत पुन्हा वाटला जाई, आणि ही दुसरी वाटणी पहिलीनंतर वीस-तीस वर्षांनीही होई. तोवर मुलींची लग्नं झालेली, काही वारलेल्या, त्यांची मुलं वारस म्हणून आलेली. पहिल्या वाटणीत जी नुसती 'मेरी, वय आठ' होती ती इथे नवऱ्यासकट, गावासकट सापडते. शोधणारे पहिल्या वाटणीवर थांबतात आणि हा कागद त्यांच्या हातून सुटतो.

खरेदीखतांकडे वळताना एक धोका लक्षात घ्या: सूचीत फक्त पहिल्या विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव असतं. सात वारसांनी मिळून बापाच्या जमिनीचं हक्कसोडपत्र केलं तर सूचीत एक थोरला भाऊ, बाकीचे 'वगैरे' मध्ये. म्हणून संशयित माहेरच्या सगळ्या पुरुषांची सगळी खतं वाचावी लागतात. शोधायची ती वाक्यं अशी: 'आमचे आदरणीय वडील कै. अमुक यांच्याकडून आम्हांस आलेली जमीन', 'बायकोच्या हक्काने', 'प्रेम आणि स्वाभाविक माया यापोटी'. हे शेवटचं बक्षीसपत्रात येतं, आणि बाप ते थेट मुलीला न देता जावयाच्या नावाने करतो. बाजारभावाच्या मानाने फारच कमी किंमत असेल तर नातं तपासा. कागद केल्याची तारीख आणि नोंदवल्याची तारीख यांत तीस-चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं, म्हणून नोंदवह्या बाईच्या मृत्यूनंतरच्या काळापर्यंत चाळायच्या. व्हर्जिनिया, मेरीलंड, पेनसिल्व्हेनिया इथे नवऱ्याने जमीन विकली की बायकोला बाजूला नेऊन, नवऱ्याच्या गैरहजेरीत, तू राजीखुशीने डॉवर सोडतेस ना, असं विचारून तशी नोंद करीत. ही नोंद एका सालात आहे आणि पुढच्या विक्रीत नाही, तर मधल्या काळात ती वारली असण्याची दाट शक्यता. अशा दोन खतांवरून कित्येकींच्या मृत्यूचा काळ दोन-तीन वर्षांपर्यंत आवळता येतो.

हे सगळं हाताने चाळणं हे फार मोठं काम होतं. आता फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर हस्तलिखित जमीन आणि प्रोबेट नोंदींत मजकुरातला कुठलाही शब्द शोधता येतो, आणि ते फुकट आहे. सूचीत नसलेले वारस, साक्षीदार, शेजारी यांमुळे वर येतात. शोध फक्त तिच्या नावाने करू नका. नवऱ्याचं नाव आणि 'डॉवर', 'थर्ड्स' (विधवेचा तिसरा हिस्सा), 'रेलिक्ट' (विधवा) असे शब्द जोडून बघा, संशयित बापाचं नाव आणि जावयाचं आडनाव एकत्र टाकून बघा. यंत्र जुनं अक्षर चुकीचं वाचतं: लांब एस त्याला एफ वाटतो, आय आणि जे एकच, यू आणि व्ही एकच, आणि सतराव्या शतकातल्या वळणदार अक्षरात त्याची फारच दमछाक होते. म्हणून न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. नावांची रूपंही टाका. पॉली आणि मॉली म्हणजे मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, नॅन्सी म्हणजे अॅन, पेगी म्हणजे मार्गारेट, हिटी म्हणजे मेहिटेबल. हॅना, अॅना आणि जोहाना तर सर्रास एकमेकींच्या जागी.

प्रदेशाप्रमाणे कागद बदलतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, गावचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू नोंदवी, आणि मॅसॅच्युसेट्सच्या बऱ्याच गावांच्या १८५० पर्यंतच्या या नोंदी छापल्या गेल्या आहेत. छापील खंड अकारविल्हे लावलेले असल्यामुळे मूळ वहीतला क्रम नाहीसा होतो. एकाच दिवशी चार भावंडांचे जन्म एकत्र नोंदवले होते ही गोष्ट छापील पानावर दिसत नाही. ती मूळ प्रतिमेत बघा, कारण असा एकगठ्ठा मजकूर कुटुंब नव्याने गावात आल्याची खूण असतो. लग्नाच्या इराद्याची जाहीर नोंद म्हणजे लग्न नव्हे, आणि 'या गावची' म्हणजे त्या वेळी इथे राहणारी, इथे जन्मलेली नव्हे. चर्चच्या वह्यांत आई एकटी सभासद असेल तर मुलांचा बाप्तिस्मा तिच्या नावावर होतो, आणि ती दुसऱ्या गावच्या चर्चमधून बदलून आली असेल तर त्या गावाचं नाव मिळतं, म्हणजे माहेराकडे जायचा रस्ताच. गावाने नवख्या कुटुंबांना निघून जायला सांगितल्याच्या नोंदी असतात, त्यांत बायकामुलांची नावं आणि ती शेवटी कुठून आली हे लिहिलेलं असतं. लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं तर जोडप्याला कोर्टात किंवा चर्चमध्ये कबुली द्यावी लागे. लग्नाची तारीख हरवलेली असेल तर तीही तिथे सापडते.

न्यू नेदरलँड म्हणजे आजच्या न्यू यॉर्कच्या भागातली डच वसाहत. तिथल्या डच कुटुंबांत काम करणं तुलनेने सुखाचं. डच बाई लग्नानंतरही स्वतःचं नाव ठेवी, नवरा-बायको एकत्र मृत्युपत्र करीत, आणि न्यू अॅमस्टरडॅमच्या डच चर्चच्या १६३९ पासूनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत साक्षीदार लिहिलेले असतात, ते फार वेळा मामा-मावशी-आजी. पहिल्या मुलांना आजी-आजोबांची नावं द्यायची त्यांची रीतही कामी येते. अडचण एकच: आडनावाऐवजी बापाचं नाव. जान्स म्हणजे जानची मुलगी, आणि जान हजारो. अॅनेके जान्स हे याचं प्रसिद्ध उदाहरण. मॅनहॅटनवरची तिची ६२ एकरांची शेती पुढे ट्रिनिटी चर्चकडे गेली, तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दावे लावले, आणि ती नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्यातली होती अशी वंशावळ पसरली. ती मूळची नॉर्वेतल्या फ्लेकेरॉय बेटावरची, एका सामान्य घरातली. १६६३ चं तिचं मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात राजघराण्याचा मागमूस नाही.

क्वेकर घरातली मुलगी असेल तर तुमचं अर्धं काम झालं. लग्न करणाऱ्यांना मासिक सभेत दोनदा आपला इरादा सांगावा लागे, बायकांची सभा वेगळी इतिवृत्तं ठेवी, आणि लग्नाच्या प्रमाणपत्रावर हजर असलेला प्रत्येक जण सही करी. आईवडिलांची नावं मजकुरातच असतात, आणि जवळचे नातेवाईक वधूवरांच्या सह्यांखाली सही करतात. सभा सोडून जाणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे, ते नव्या सभेत नोंदलं जाई. बाहेर लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्या मुलीची नोंदसुद्धा तिचं माहेरचं आणि नवं आडनाव एकत्र देते.

मेरीलंडमध्ये १७७७ पर्यंत प्रोबेट एका मध्यवर्ती न्यायालयाकडे होतं, म्हणून परगण्याची कचेरी जळाली तरी कागद वाचले. तिथली माझ्या मते सगळ्यात मोलाची रीत म्हणजे मालमत्तेच्या यादीवर दोन सर्वांत जवळच्या नातेवाइकांच्या आणि दोन मोठ्या सावकारांच्या सह्या. ते नातेवाईक मयताचे. पण मयत विधवा असेल तर ते तिच्या माहेरचे असू शकतात. व्हर्जिनियाची गोष्ट वेगळी. गावपातळीवर नोंदी नाहीत, चर्चच्या वह्या तुटक, आणि जेम्स सिटी, हॅनोव्हर यांसारख्या परगण्यांनी सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवलेले कागद एप्रिल १८६५ च्या आगीत गेले. अशा ठिकाणी शेजारच्या परगण्यांच्या वह्या, वसाहतीच्या जमिनीच्या सनदा आणि चर्चच्या कारभारी मंडळाची इतिवृत्तं एवढाच आधार. माणसामागे ५० एकर या हिशेबाने जमीन घेताना आणलेल्यांची नावं सनदेत येतात, त्यांत कधी कधी बायकोचं माहेरचं आडनाव असतं. लग्नात कायदेशीर अडचण नाही अशी हमी देणाऱ्या जामीनपत्रावर वराबरोबर सही करणारा बहुधा वधूचा बाप किंवा भाऊ; पण जामीनपत्र म्हणजे लग्न झाल्याचा पुरावा नव्हे.

गुलामगिरीत असलेल्या बायकांचं कुटुंब शोधताना वरचे सगळे मार्ग उलटे चालतात, कारण तिथे त्या मालमत्तेच्या मालक नसून यादीतली एक ओळ असतात: पहिलं नाव आणि किंमत. मालकाच्या घराण्याचे कागद पिढ्यान्‌पिढ्या वाचावे लागतात, मुलींना लग्नात 'दिलेल्या' माणसांसकट. पण व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाची स्थिती आईवरून ठरवली, म्हणून स्वातंत्र्याच्या दाव्यांत आईकडची वंशावळ हाच मुख्य पुरावा झाला. मेरीलंडमध्ये १६८१ साली एलेनॉर बटलर या आयरिश बाईने चार्ल्स नावाच्या गुलाम पुरुषाशी लग्न केलं आणि तिचे वंशज गुलामीत ठेवले गेले. पुढे विल्यम आणि मेरी बटलर यांनी दावा लावला तेव्हा म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या गेल्या: कोण कुणाची मुलगी, कुठल्या मळ्यावर, लग्न कुणी पाहिलं. तो दावा शेवटी गेला, पण त्यांच्या मुलीने, मेरीने, १७८७ मध्ये जिंकला. कोर्टाच्या या दप्तरांत आईकडच्या पिढ्या ज्या तपशिलाने येतात, तसा तपशील स्वतंत्र घरांतल्या बायकांबद्दलही क्वचितच सापडतो.

एखादी मेरी सापडली की ती तुमचीच, हे ठरवायचं कसं? गावात त्या वयाच्या जितक्या मेरी जन्मल्या त्या प्रत्येकीचा वेगळा तक्ता करा आणि एकेकीचा शेवट लावा: ही लहानपणी वारली, हिचं लग्न दुसरीकडे, ही बापाच्या मृत्युपत्रात दुसऱ्या आडनावाने आली. उरलेली एक तुमची असू शकते, पण तेवढं पुरेसं नाही. तिच्या माहेरच्यांचा आणि तिच्या नवऱ्याच्या घराचा किमान एक स्वतंत्र कागद जुळायला हवा. मेलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला देण्याची सर्रास पद्धत होती, हेही विसरू नका. १६५४ ची मेरी आणि १६५८ ची मेरी वेगळ्या असू शकतात.

डीएनएबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. नेहमीच्या चाचणीत सातव्या-आठव्या चुलत नात्यात (म्हणजे आठ-नऊ पिढ्यांमागचे पूर्वज एकच असलेल्यांत) बहुतेकदा मोजता येईल असा एकही तुकडा सामायिक उरत नाही, आणि वसाहतकाळ तितकाच दूर आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे तो इथे कामाचा, पण अट कडक: संशयित बाईपासून आणि तिच्या संशयित बहिणीपासून आजवर न तुटता आई-मुलगी अशी साखळी हवी, फक्त शेवटचा माणूस पुरुष चालतो. दोन्ही टोकांचे निकाल जुळले नाहीत तर त्या बहिणी नव्हत्या हे जवळपास पक्कं. जुळले तर नातं शक्य आहे, इतकंच. हा डीएनए इतका सावकाश बदलतो की तंतोतंत जुळणाऱ्या दोन बायकांची सामायिक आजी काही हजार वर्षांपूर्वीची असू शकते.

आणि पुरावा पुरला नाही तर रकाना रिकामा ठेवा. मेरी चिल्टनच्या आईचं उदाहरण घ्या. मेरीचा बाप जेम्स चिल्टन डिसेंबर १६२० मध्ये जहाजावरच वारला, आई त्यानंतर लवकरच. मेरीचा बाप्तिस्मा ३१ मे १६०७ रोजी केंटमधल्या सँडविचला झाल्याची नोंद आहे. आईचं पहिलं नावसुद्धा कुठल्याही कागदावरून सिद्ध झालेलं नाही. जेम्सच्या सावत्र आईची आधीच्या लग्नातली मुलगी सुझाना फर्नर हीच ती असावी असा एक तर्क आहे, आणि असंख्य ऑनलाइन वंशावळींत तो नाव म्हणून छापून बसलाय. तर्क लिहायचा तर टिपेत, कारणांसह लिहा: कुणाचा तर्क, कशावरून, कुठला कागद मिळाला तर तो टिकेल किंवा पडेल. नावाच्या जागी कंसात एक आडवी रेघ ठेवा आणि कुठल्या कुठल्या वह्या, कुठल्या सालापर्यंत तपासून झाल्या त्यांची यादी सोबत जोडा, म्हणजे पुढचा शोधणारा त्याच वह्या पुन्हा उघडत बसणार नाही.